खाणीच्या तळावरील अरण्य : केनियातील हॅलर पार्क आणि अधिवास पुनर्स्थापनेचा प्रश्न

प्रस्तावना

सिमेंट, पोलाद, कोळसा यांवाचून आजच्या नागरी जीवनाची कल्पना करता येत नाही आणि जमीन खोदल्यावाचून यांपैकी एकही वस्तू हाती येत नाही. खाण सुरू असेपर्यंत तिच्याकडे उत्पादन, रोजगार आणि महसूल या दृष्टीने पाहिले जाते. खनिज संपल्यावर मागे राहिलेल्या खड्ड्याकडे मात्र बहुधा कोणीच पाहत नाही. गेल्या काही दशकांत अशा जमिनींवर उद्याने उभारण्याचे प्रयत्न जगात अनेक ठिकाणी झाले. त्यांतील पुष्कळसे प्रयत्न हिरवळ, कारंजी आणि नौकाविहार यांपाशीच थांबले. ज्या थोड्या ठिकाणी वन्यजीवांना राहण्याजोगा अधिवास खरोखर निर्माण झाला, त्यांत केनियातील मोम्बासा शहराच्या उत्तरेस बांबुरी येथे असलेल्या हॅलर पार्कचा उल्लेख अग्रक्रमाने करावा लागतो.

हे उद्यान जगाला ठाऊक झाले ते एका वेगळ्याच कारणाने. २००४ च्या डिसेंबरमध्ये, हिंदी महासागरातील त्सुनामीच्या सुमारास, मालिंदीजवळच्या समुद्रात अडकलेले पाणघोड्याचे एक पोरके पिल्लू येथे आणण्यात आले आणि त्याने एका शंभरी ओलांडलेल्या अल्डाब्रा जातीच्या कासवाचा आश्रय धरला. ओवेन आणि म्झी या जोडीची छायाचित्रे जगभर प्रसिद्ध झाली, त्यांच्यावर मुलांची पुस्तके निघाली. ही कथा हृद्य आहे यात शंका नाही. परंतु या उद्यानातील सर्वांत महत्त्वाचा प्राणी पाणघोडाही नव्हे आणि कासवही नव्हे. तो आहे पालापाचोळ्यात वळवळणारा, बोटाएवढ्या जाडीचा एक सहस्रपाद. महाराष्ट्रातील शेतकरी त्याच्या भाऊबंदांना ‘पैसा’ किंवा ‘वाणी’ म्हणून ओळखतो. खाणीच्या जमिनीवर वन्यजीव परत आणावयाचे असतील तर आरंभ वन्यजीवांपासून न करता मातीपासून करावा लागतो, आणि माती झाडे लावल्याने नव्हे तर झाडांचा पाचोळा कुजल्याने तयार होते, ही गोष्ट हॅलर पार्कच्या इतिहासातून जितकी स्पष्ट होते तितकी क्वचितच अन्यत्र होत असेल. प्रस्तुत लेखात त्याच अंगाने या उद्यानाचा विचार केला आहे.

खाणीचा तळ

बांबुरी सिमेंट कंपनीची स्थापना १९५१ मध्ये झाली आणि १९५४ पासून तेथे उत्पादन सुरू झाले. कच्चा माल कारखान्याच्या अंगणातच होता. पूर्व आफ्रिकेचा हा किनारा प्राचीन प्रवाळभित्तींचा बनलेला आहे. सुमारे सव्वा लाख वर्षांपूर्वी समुद्राची पातळी आजच्यापेक्षा उंच असताना वाढलेले प्रवाळ समुद्र ओसरल्यावर उघडे पडले, त्यांचा चुनखडीचा दगड झाला आणि त्यावर कालांतराने मातीचा पातळ थर व किनारी अरण्य निर्माण झाले. सिमेंटसाठी हा दगड काढताना प्रथम अरण्य गेले, मग माती गेली आणि शेवटी दगड गेला. उत्खनन भूजलाच्या थोडे वर येऊन थांबत असे. त्यामुळे मागे उरला तो पांढराफटक, सपाट, कठीण तळ. वर विषुववृत्तालगतचे ऊन, खाली मचूळ पाणी आणि मध्ये मातीचा कणही नाही, अशी ती अवस्था होती.

उघड्या खडकावर जीवसृष्टी कशी अवतरते याचे वर्णन वनस्पतिशास्त्राच्या क्रमिक पुस्तकांत ‘अनुक्रमण’ या शीर्षकाखाली आढळते. आधी दगडफूल व शेवाळ, मग गवत, मग झुडपे आणि अखेर वृक्ष, असा तो क्रम. वर्गात तो एका आकृतीत मावतो. निसर्गात त्याला शतके लागतात. शिवाय चुनखडीच्या खाणीत अडचण केवळ काळाची नसते. वाऱ्यावरून व पक्ष्यांकडून बी येऊन पडत असते, परंतु त्याला रुजण्यास आधार नसतो. क्षार आणि अल्कधर्मिता यांमुळे रुजलेले रोप जगत नाही, आणि जगलेच तर नत्राच्या अभावी वाढत नाही. म्हणजे येथे अनुक्रमणाची गती वाढवणे पुरेसे नव्हते, त्याची पहिली पायरीच माणसाला घडवावी लागणार होती.

हे काम कंपनीतील स्विस कृषितज्ज्ञ रेने हॅलर यांच्याकडे आले. ते १९५९ मध्ये बांबुरी येथे रुजू झाले होते आणि बागा व कामगारांसाठी अन्नोत्पादन हे त्यांचे काम होते. १९७०-७१ च्या सुमारास त्यांनी खाणीच्या तळावर झाडे लावून पाहण्यास प्रारंभ केला. त्या काळी केनियात खाणमालकावर पुनर्स्थापनेची सक्ती करणारा आजच्यासारखा पर्यावरणविषयक कायदा नव्हता. तसा सर्वसमावेशक कायदा १९९९ मध्ये आला. हा प्रयोग कायद्याच्या धाकाने झालेला नाही, ही बाब नोंद घेण्याजोगी आहे. ती कौतुकाची आहे तशीच अडचणीचीही आहे. तिचा विचार पुढे येईल.

सुरूचे झाड

हॅलर यांनी २६ जातींची झाडे लावून पाहिली. सहा महिन्यांनंतर त्यांपैकी तीनच जाती टिकल्या होत्या : नारळ, कोनोकार्पस आणि सुरू. तिघांतही सुरूची वाढ सर्वांत आशादायक होती.

सुरू कोकणवासीयांना अपरिचित नाही. अलिबागपासून खाली अनेक पुळणींवर वारा अडवण्यासाठी लावलेली सुरूची बने उभी आहेत. हे झाड मूळचे आग्नेय आशिया, ऑस्ट्रेलिया आणि प्रशांत महासागरातील बेटांचे. खारे वारे, रेताड जमीन आणि मचूळ पाणी ते सोसते. परंतु बांबुरीच्या दृष्टीने त्याचा खरा गुण त्याच्या मुळांत होता. फ्रँकिया नावाचे सूक्ष्मजीव सुरूच्या मुळांवर गाठी करून राहतात आणि हवेतील नत्र झाडाला उपलब्ध करून देतात. कडधान्यांच्या मुळांवर रायझोबियम जे काम करते तेच येथे फ्रँकिया करते, मात्र हे दोन्ही सूक्ष्मजीव एकमेकांपासून फार भिन्न कुळांतील आहेत. ज्या जमिनीत नत्र नाही त्या जमिनीत आपले नत्र आपणच मिळवणारे झाड हाच एकमेव शहाणपणाचा पर्याय होता. काही वर्षांत पांढऱ्या तळावर सुरूचे हिरवे बन उभे राहिले, सावली आली, जमिनीचे तापमान उतरले आणि वाऱ्याचा जोर कमी झाला.

वृक्षारोपणाच्या बहुतेक अहवालांची कथा येथे संपते. इतकी रोपे लावली, इतकी जगली, इतके क्षेत्र हिरवे झाले. बांबुरीतही त्या वेळी छायाचित्र घेतले असते तर ते अत्यंत यशस्वी दिसले असते. प्रत्यक्षात प्रयोग अडला होता.

अडण्याचे कारण पायाखाली होते. सुरूची जी ‘पाने’ म्हणून ओळखली जातात त्या वस्तुतः बारीक, सांधेदार डहाळ्या असतात. खरी पाने त्या सांध्यांवर खवल्यांसारखी, डोळ्यांना जेमतेम दिसतील एवढीच. या सुयांसारख्या डहाळ्या गळून पडतात, पण त्यांत टॅनिनचे प्रमाण मोठे असल्याने जिवाणू त्यांना सहजासहजी शिवत नाहीत. कोकणातील सुरूच्या बनात चालताना पाय मऊ गालिच्यावर पडल्यासारखे वाटतात ते याच न कुजलेल्या सुयांमुळे, आणि त्या गालिच्यातून दुसरे काही सहसा वर येत नाही तेही बऱ्याच अंशी याच कारणाने. बांबुरीत तर सुयांखाली माती नव्हतीच. झाडांनी मोठ्या कष्टाने हवेतून मिळवलेले नत्र त्या सुयांत अडकून पडले होते. उत्पादन होते, परंतु अभिसरण नव्हते. अर्थशास्त्राच्या अध्यापकांना ही उपमा मान्य व्हावी : तिजोरी भरत होती आणि बाजारात नाणे नव्हते.

पैसा नावाचा किडा

या कोंडीतून वाट काढली ती पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावरच राहणाऱ्या एका सहस्रपादाने. काळे, चकचकीत, वीतभर लांबीचे शरीर आणि तांबडे पाय असा त्याचा थाट असतो. त्याच्या चालीवरून त्याला ‘मोम्बासाची आगगाडी’ असेही गमतीचे नाव पडले आहे. हे सहस्रपाद सुरूच्या वाळलेल्या सुया खातात, असे हॅलर यांच्या निरीक्षणास आले. मग आसपासच्या परिसरातून ते शेकड्यांनी वेचून आणून खाणीतील बनात सोडण्यात आले.

येथे एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. सहस्रपाद माती ‘तयार करतो’ असे म्हटले जाते, परंतु तो सुयांचे रासायनिक विघटन स्वतः पूर्ण करीत नाही. खाल्लेल्या अन्नाचा अगदी थोडा भाग त्याच्या अंगी लागतो, उरलेला विष्ठेच्या गोळ्यांच्या रूपाने बाहेर पडतो. त्याचे कार्य गिरणीसारखे आहे. कोरडी, चिवट सुई त्याच्या जबड्यांत दळली जाते, आतड्यातील सूक्ष्मजीवांशी मिसळते आणि ओलसर, बारीक कणांच्या गोळीच्या रूपाने बाहेर येते. सुईच्या मानाने या कणांचे पृष्ठफळ अनेक पटींनी मोठे असते, त्यांत ओल टिकते आणि ज्या जिवाणूंना व बुरशींना अखंड सुईत शिरकाव नव्हता त्यांना आता दार उघडे होते. पुढचे विघटन तेच करतात. सहस्रपादाच्या कवचात चुन्याचे प्रमाण मोठे असते. अन्य ठिकाणी चुन्याची कमतरता त्याच्या संख्येवर मर्यादा आणू शकते. प्रवाळाच्या खाणीत ती अडचण उद्भवण्याचे कारणच नव्हते.

काही वर्षांत सुयांच्या थराखाली काळसर सेंद्रिय द्रव्याचा थर साचू लागला. त्यात चुनखडीचे कण मिसळले आणि मातीसारखी माती प्रथमच हाती लागली. आता बी रुजण्यास जागा मिळाली. वाऱ्याने आणलेले बी होते, पक्ष्यांनी आणि फळे खाणाऱ्या वटवाघळांनी टाकलेले बी होते, आणि माणसांनी हेतुपूर्वक लावलेली देशी झाडेही होती. वड-पिंपळाच्या कुळातील उंबरवर्गीय झाडे अशा ठिकाणी विशेष उपयोगी ठरतात, कारण त्यांच्या फळांमागून पक्षी येतात आणि पक्ष्यांमागून इतर झाडांचे बी येते.

विदर्भातील सोयाबीन उत्पादकांना पैसा हा किडा आठवतो तो कोवळ्या रोपांचा शत्रू म्हणून, आणि त्यांचे म्हणणे खोटे नाही. कुजका पाला पुरेसा नसेल आणि समोर रसाळ अंकुर असेल तर हा प्राणी अंकुर खातो. जो जीव एका ठिकाणी कीड ठरतो तोच दुसऱ्या ठिकाणी पाया घालतो. तो काय करील हे त्याच्या स्वभावापेक्षा त्याच्यासमोर काय पडले आहे यावर अधिक अवलंबून असते. परिस्थितिकी शिकवताना हे उदाहरण मराठी विद्यार्थ्यांसमोर ठेवण्याजोगे आहे.

पाणी, गवत आणि मोठे प्राणी

माती तयार झाल्यावरच मोठ्या प्राण्यांना अर्थ प्राप्त झाला. खाणीचा तळ भूजलाच्या जवळ असल्याने थोडे अधिक खोदताच तळी तयार झाली. त्यांत तिलापिया मासे सोडण्यात आले. ते डासांच्या अळ्या खातात, त्यामुळे उष्ण प्रदेशात साचलेल्या पाण्याचा जो पहिला धोका असतो तो आटोक्यात राहिला. झाडांखाली गवत वाढू लागले तसे ईलँड व ऑरिक्स हे मोठे कुरंग आणण्यात आले. त्यांच्या चरण्याने गवत काबूत राहिले आणि शेणाने जमिनीचा कस वाढला. पुढे जिराफ, पाणघोडे, रानम्हशी, मगरी आणि कासवे आली. पक्षी मात्र कोणी आणले नाहीत, ते आपण होऊन आले.

या सर्व व्यवहाराला ‘बाओबाब फार्म’ या कंपनीच्या उपसंस्थेची आर्थिक बैठक होती. बाओबाब म्हणजे महाराष्ट्रातही काही ठिकाणी आढळणारी गोरखचिंच. मत्स्यपालन, मगरपालन, सुरूचे लाकूड व वासे यांची विक्री आणि पर्यटन ही उत्पन्नाची साधने होती. १९८४ मध्ये निसर्गवाट लोकांसाठी खुली झाली. १९८७ मध्ये हॅलर यांचा संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाने ‘ग्लोबल ५००’ सन्मान देऊन गौरव केला आणि पुढे उद्यानाला त्यांचेच नाव मिळाले.

सुरूची झाडे कापली गेली ही गोष्ट अनेकांना खटकेल. परंतु योजनेचा तो भागच होता. सुरू हे येथील मूळचे झाड नव्हते. त्याने सावली आणि माती द्यावी आणि देशी झाडांना जागा करून बाजूला व्हावे, अशी अपेक्षा होती. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासानुसार येथे १९७१ पासून ४२२ देशी वनस्पतींच्या जाती लावण्यात आल्या होत्या व त्यांपैकी ३६४ टिकल्या होत्या. पहिल्या प्रयत्नात २६ पैकी तीन आणि नंतर ४२२ पैकी ३६४. या दोन गुणोत्तरांतील अंतर हे त्या काळ्या मातीचे मूल्य आहे.

उद्यानाच्या मर्यादा

हॅलर पार्कला अरण्य म्हणावे का, हा प्रश्न रास्त आहे. येथील अनेक मोठे प्राणी कुंपणात आहेत. काही पोरके वा जखमी अवस्थेत आणलेले आहेत. जिराफांना पर्यटकांच्या हातून खाद्य देण्याचा कार्यक्रम होतो. अल्डाब्रा कासव तर हिंदी महासागरातील दूरच्या बेटांवरचे, केनियाच्या किनारी अरण्याशी त्याचा संबंध नाही. हा भाग प्राणिसंग्रहालयाला जवळचा आहे आणि वन्यजीव संवर्धनाच्या खात्यावर तो मांडणे योग्य होणार नाही. संवर्धनाच्या दृष्टीने मोल आहे ते कुंपणाची गरज नसलेल्या जीवांचे : सहस्रपाद, बुरशी, फुलपाखरे, पक्षी आणि टिकून राहिलेल्या देशी वनस्पती.

दुसरी मर्यादा अधिक मूलभूत आहे. प्रवाळखडकावरील जे किनारी अरण्य खाणीसाठी नष्ट झाले ते परत आलेले नाही आणि येणारही नाही. जमिनीची पातळी खाली गेली आहे, पाण्याशी असलेले नाते बदलले आहे. तळावर उभे राहिलेले वन हे नवे वन आहे. त्यासाठी लागणारे देशी बीही शेवटी कोठेतरी शिल्लक असावे लागते. केनियाच्या किनाऱ्यावर मिजिकेंडा समाजाने जपलेल्या ‘काया’ नावाच्या पवित्र वनांत असा वारसा उरला आहे. युनेस्कोने २००८ मध्ये त्यांचा जागतिक वारसा यादीत समावेश केला. महाराष्ट्रातील देवराया हे त्यांचे सख्खे भावंड शोभावे. देवराई तोडून खाण काढावी आणि मग खाणीत अरण्य लावण्यासाठी बी शोधत हिंडावे, हा हिशेब कोणत्याही शास्त्रात बसत नाही. ‘पुनर्स्थापना शक्य आहे’ हे वाक्य नव्या खाणीच्या परवान्यासाठी युक्तिवाद म्हणून पुढे केले जाते तेव्हा हॅलर पार्कचे नाव घेण्याचा अधिकार त्या युक्तिवादाला नाही.

तिसरी मर्यादा मालकीची. उद्यान कंपनीच्या जमिनीवर, कंपनीच्या इच्छेने उभे राहिले. डिसेंबर २०२४ मध्ये बांबुरी सिमेंटची मालकी होल्सिम या बहुराष्ट्रीय समूहाकडून टांझानियातील ॲमसन्स समूहाकडे गेली. अर्धशतकात घडलेली माती ताळेबंदात कोणत्या रकान्यात मांडली जाते, हा केवळ शब्दच्छल नव्हे. जे स्वेच्छेने दिले गेले ते स्वेच्छेने काढूनही घेता येते.

दुसरी वाट : अरवली

खाणीच्या जमिनीवर अधिवास निर्माण करण्याची हीच एक रीत आहे असे नाही. भारतात दिल्लीच्या सीमेवरील गुरुग्राम येथील अरवली जैवविविधता उद्यान याहून वेगळ्या तत्त्वावर उभे आहे. सुमारे ३८० एकरांच्या या जमिनीवर अनेक वर्षे दगड काढण्याचे व खडी करण्याचे काम चाले. अरवलीतील खाणकामावर सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्ये आणि पुन्हा २००९ मध्ये कठोर निर्बंध घातले. २०१० पासून महानगरपालिका व एका नागरी संस्थेने या जमिनीवर काम सुरू केले. येथे परदेशी झाडाला दूत म्हणून पाठवण्यात आले नाही. उलट आधीच माजलेली विलायती बाभूळ टप्प्याटप्प्याने काढून धोक, सालई, कांडोळ, पळस, खैर अशी अरवलीच्या कोरड्या टेकड्यांवरील झाडे बी गोळा करून, रोपवाटिकेत वाढवून लावण्यात आली. प्राणी कोणीही आणून सोडले नाहीत.

असे करणे शक्य झाले याचे एक कारण खडकात आहे. अरवलीचा फुटलेला गारगोटीयुक्त खडक आणि त्यातील भेगांत अडकलेली थोडीबहुत माती कोरड्या प्रदेशातील काटक झाडांना पुरते, प्रवाळाच्या सपाट तळावर तेवढेही नव्हते. म्हणून ‘आधी सुरू की आधी देशी झाड’ या वादाचे एकच उत्तर देता येत नाही. तळाशी काय उरले आहे ते पाहूनच ते द्यावे लागते.

२ फेब्रुवारी २०२२ रोजी या उद्यानाला संरक्षित क्षेत्राबाहेरील परिणामकारक संवर्धन क्षेत्र म्हणून मान्यता मिळाली. असा दर्जा मिळालेले ते भारतातील पहिले स्थळ. राष्ट्रीय उद्यान वा अभयारण्य नसतानाही जेथे जैवविविधता प्रत्यक्षात टिकते अशा जागांची गणना करण्यासाठी ही संकल्पना २०१८ मध्ये जैवविविधता कराराच्या परिषदेत व्याख्याबद्ध झाली. तत्पूर्वी याच उद्यानातून महामार्ग नेण्याचा प्रस्ताव आला होता आणि नागरिकांनी त्यास विरोध केला होता. दर्जा मिळाला म्हणून धोका टळला असे समजणे भाबडेपणाचे होईल. ही मान्यता म्हणजे कायद्याची भिंत नव्हे.

महाराष्ट्र आणि गोवा

महाराष्ट्रात या विषयाचा प्रत्यक्ष अनुभव आहे. नागपूर जिल्ह्यातील गुमगाव येथील मँगनीज खाणीच्या मातीमुरमाच्या ढिगांवर राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्थेने (नीरी) केलेले काम तज्ज्ञांत सुपरिचित आहे. साखर कारखान्यातील प्रेसमडसारखी सेंद्रिय द्रव्ये, नत्र स्थिर करणारे जिवाणू आणि मुळांशी सहजीवन करणारी बुरशी यांची जोड देऊन तेथे ओसाड ढिगांवर झाडे वाढवण्यात आली. बांबुरीत जे सहस्रपादाने केले त्याचाच हा प्रयोगशाळेतून निघालेला समांतर मार्ग म्हणता येईल : झाडाआधी मातीतील जीव.

गोव्यातील लोहखनिजाच्या ढिगांवर आणि कोकणातही ऑस्ट्रेलियन बाभूळ मोठ्या प्रमाणावर लावली गेली. तीही नत्र स्थिर करते, भराभर वाढते आणि तिचा जाड पाचोळा सावकाश कुजतो. म्हणजे सुरूचा पहिला अंक येथे पार पडला आहे. दुसरा अंक, म्हणजे पाचोळ्याचे अभिसरण आणि देशी झाडांसाठी जागा करून देणे, पुष्कळ ठिकाणी सुरूच झालेला नाही. हिरवळ दिसते म्हणून काम संपले असे मानले जाते.

चंद्रपूरच्या कोळसापट्ट्यात प्रश्नाची दुसरी बाजू दिसते. खाणींच्या ढिगांवर व वापरात नसलेल्या जमिनींवर झुडपांचे दाट रान माजले आणि ताडोबाच्या सान्निध्यामुळे तेथे वाघ व बिबटे वावरू लागले. फेब्रुवारी २०२२ मध्ये चंद्रपूर औष्णिक विद्युत केंद्र व लगतच्या दुर्गापूर परिसरात लागोपाठच्या दिवसांत वाघ व बिबट्याच्या हल्ल्यांत दोघांचा बळी गेला. अधिवास निर्माण होण्यासाठी कोणाच्या योजनेची वाट पाहिली जात नाही. तो योजनेविना निर्माण झाला तर त्याची किंमत रात्रपाळीहून सायकलने घरी परतणारा कामगार मोजतो.

कायद्याची चौकट मात्र पूर्वीपेक्षा भक्कम आहे. २००३ पासून खाण बंद करण्याचा आराखडा देणे बंधनकारक झाले. ८ जानेवारी २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने, खाणकाम संपलेल्या जमिनीवर पुन्हा गवत उगवेल व ती चारा, वनस्पती आणि प्राणी यांच्या वाढीस योग्य होईल अशी अट खाणपट्ट्यांत घालण्याचा आदेश दिला. गवत उगवण्यासाठी माती लागते. उत्खननापूर्वी काढलेली वरची माती वेगळी राखून ठेवण्याचा नियम आहेच, परंतु उंच ढिगाऱ्यात वर्षानुवर्षे पडून राहिलेल्या मातीतील जीव गुदमरून संपतात. मग जे परत पसरले जाते ते मातीच्या रंगाचे निर्जीव द्रव्य असते. नियमाची पूर्तता कागदावर होते, गवत मात्र पहिल्या उन्हाळ्यात जळते.

पुनर्स्थापना खरोखर झाली आहे की नाही हे तपासण्याची एक साधी पद्धत उपलब्ध आहे, आणि खाणीच्या परिसरातील कोणत्याही महाविद्यालयाच्या वनस्पतिशास्त्र वा प्राणिशास्त्र विभागाला ती अवघड नाही. तेथील झाडांचा वाळलेला पाचोळा तोलून जाळीच्या पिशव्यांत भरावा. काही पिशव्यांची जाळी अत्यंत बारीक असावी, म्हणजे केवळ जिवाणू व बुरशी आत जातील. काहींची जाळी मोठी असावी, म्हणजे पैसा, वाळवी, गांडूळ यांनाही वाट राहील. या पिशव्या जमिनीवर ठेवून ठरावीक महिन्यांनी उचलाव्यात आणि आत किती पाचोळा उरला ते पुन्हा तोलावे. शेजारच्या जुन्या रानातही तशाच पिशव्या ठेवाव्यात. मोठ्या जाळीच्या पिशवीत किती उरले आणि बारीक जाळीच्या पिशवीत किती उरले यांतील फरक हा लहान प्राण्यांच्या कामाचा हिशेब होय. खाणीवरील उद्यानात हा फरक शून्याजवळ असेल, तर तेथे झाडे कितीही उंच असली तरी सुयांचा गालिचा अद्याप उचललेला नाही असे समजावे.